कापेल केलिन: पाण्याखालचे गाव आणि भिंतीवरचे व्याकरण

वेल्समधील गावांच्या नावांत बहुधा त्यांच्या जन्माची हकीकत दडलेली असते. 'ल्लान'ने सुरू होणारे गाव एखाद्या प्राचीन ख्रिस्ती संताच्या आवारात वाढलेले, म्हणजे मध्ययुगाच्या आरंभाशी नाते सांगणारे. 'कापेल' हे उपपद असलेली गावे बहुतेकदा त्या मानाने अर्वाचीन. कापेल म्हणजे चॅपेल, प्रार्थनाघर. आणि केलिन म्हणजे होली, हिवाळ्यातही हिरवे राहणारे, काटेरी पानांचे आणि लाल फळांचे ते झाड. कापेल केलिन म्हणजे होलीच्या झाडांचे प्रार्थनाघर. वायव्य वेल्सच्या मेरियोनेथ परगण्यात, बाला या छोट्या बाजारगावाच्या वायव्येस, त्रवेरिन नदीच्या खोऱ्यात हे गाव होते. 'होते' असे म्हणण्याचे कारण बहुतेक वाचकांना ठाऊक असेल: १९६५ साली लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी ते बुडवण्यात आले.

गाव बुडाले ही गोष्ट नवी नाही, आणि धरणग्रस्त हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. आम्हाला कुतूहल आहे ते निराळ्याच प्रश्नाचे. याच लिव्हरपूल शहराने याच वेल्समध्ये त्याआधी पाऊणशे वर्षे कापेल केलिनहून कितीतरी मोठे गाव बुडवले होते. त्याच्या नावाने कोणी भिंती रंगवल्या नाहीत. मग या मूठभर घरांचेच नाव एका राष्ट्राच्या स्मृतीत का कोरले गेले?

प्रथम स्थळ पाहू. त्रवेरिन ही डी नदीची उपनदी. पश्चिमेकडच्या उघड्या माळरानावर उगम पावून ती बालापाशी डी नदीला मिळते. खोऱ्याच्या दक्षिणेला अरेनिग व्हाउर हा सुमारे ८५४ मीटर उंचीचा डोंगर आहे. १९११-१२च्या सुमारास ऑगस्टस जॉन आणि जेम्स डिक्सन इन्स हे दोन वेल्श चित्रकार या परिसरात राहून गेले. इन्सला या डोंगराने अक्षरशः झपाटले होते. त्याने तो पुन्हापुन्हा रंगवला. मात्र चित्रकारांनी पाहिलेला अरेनिग आणि खोऱ्यातल्या मेंढपाळ शेतकऱ्याचा अरेनिग एक नव्हेत. शेतकऱ्याला तो डोंगर म्हणजे उन्हाळी चराई, पाऊस आणि हिवाळ्यातले बर्फ. विखुरलेली शेतघरे, दगडी कुंपणे, मेंढ्या, थोडी गुरे, गवताची कापणी अशा पसाऱ्यात गावाचा गाभा तेवढा एकवटलेला: चॅपेल, त्याची दफनभूमी, प्राथमिक शाळा आणि टपाल कार्यालय. १८८२ पासून खोऱ्यातून बाला ते फेस्टिनियोग अशी रेल्वेही धावत होती.

या सामग्रीत चॅपेलचे स्थान नीट समजून घेतले पाहिजे. ते इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे देऊळ नव्हते. अठराव्या शतकातील मेथडिस्ट जागृतीतून वेल्समध्ये जी स्वतंत्र, लोकांनी आपल्या वर्गणीने बांधलेली प्रार्थनाघरे उभी राहिली त्यांपैकी ते एक. तेथील सारा व्यवहार वेल्शमध्ये चाले. रविवारच्या शाळेत लहानांबरोबर प्रौढही बसत आणि धर्मग्रंथ वाचण्याच्या निमित्ताने आपली भाषा वाचायला शिकत. सरकारी शाळांमधून वेल्श बोलणाऱ्या मुलांची टिंगल आणि शिक्षा होत असताना, शेतमजुराला साक्षर करण्याचे काम या चॅपेलांनी केले. बाला हे तर त्या चळवळीचे माहेर. टॉमस चार्ल्स हा मेथडिस्ट धर्मोपदेशक तेथे राहत असे. मेरी जोन्स ही पंधरा वर्षांची मुलगी त्याच्याकडून वेल्श बायबल विकत घेण्यासाठी १८०० साली सुमारे चाळीस किलोमीटर अनवाणी चालत आली, ही कथा वेल्समध्ये आजही मुलांना सांगितली जाते. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीच्या जन्माशी ती जोडली जाते. (याच सोसायटीची शाखा १८१३ साली मुंबईत निघाली आणि मराठी बायबलच्या प्रसाराला तिचा हातभार लागला. बालाच्या त्या अनवाणी वाटेचा एक फाटा असा आपल्या अंगणापर्यंत आला आहे.)

खोऱ्यात धर्माच्या याहूनही जुन्या खुणा होत्या. हाव्होद व्हादोग नावाच्या शेतघरात सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांच्या सभा भरत. अधिकृत चर्चबाहेर राहिल्याबद्दल त्यांचा छळ झाला, आणि १६८२ नंतर बालाच्या आसपासचे अनेक क्वेकर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन वसले. तेथील मेरियन या वस्तीचे नाव मेरियोनेथवरूनच आलेले. पुढे बालाच्याच धर्मविद्यालयाचे प्राचार्य मायकेल डी. जोन्स यांनी इंग्रजीच्या छायेबाहेर वेल्श बोलणारी वसाहत असावी म्हणून पॅटागोनियाचा ध्यास घेतला. त्या वसाहतीचे पहिले जहाज, 'मिमोसा', मे १८६५ मध्ये निघाले ते लिव्हरपूलच्या धक्क्यावरून. बरोबर शंभर वर्षांनी त्याच लिव्हरपूलचे पाणी बालाशेजारच्या खोऱ्यात चढले. इतिहासातील असल्या योगायोगांना फार अर्थ चिकटवू नये हे आम्ही जाणतो; पण नोंद करण्याचा मोह आवरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या खोऱ्याची आणखी एक श्रीमंती दिसेल, ती गाण्याची. वीणेसारख्या हार्पवर एक चाल वाजत असताना गायकाने दुसऱ्या चालीत पदे म्हणायची आणि दोघांनी शेवटी एकत्र उतरायचे, अशी वेल्समध्ये एक जुनी गायनपद्धती आहे. बाला परिसर हा तिचा बालेकिल्ला. खोऱ्यातून थोडे खाली फ्रोनगोखजवळ राहणारे बॉब रॉबर्ट्स (१८७०-१९५१) हे शेतकरी गायक उतारवयात बीबीसीच्या वेल्श कार्यक्रमांतून घराघरांत पोहोचले. चॅपेलमधील स्तोत्रगायन, काव्यस्पर्धांचे मेळावे, हिवाळ्याच्या रात्री एखाद्या शेतघरात जमून केलेली गाणी-गोष्टींची बैठक, या सगळ्यांतून जी भाषा जगत होती तिला ग्रंथालयाची गरज नव्हती. माणसे मात्र एकत्र असावी लागत.

आता लिव्हरपूलकडे वळू. या कथेत लिव्हरपूलला निव्वळ खलनायक करणे सोपे आहे; ऐतिहासिकदृष्ट्या ते अपुरे ठरेल. एकोणिसाव्या शतकात हे शहर उत्तर वेल्सची जणू राजधानीच होते. वेल्श गवंडी आणि ठेकेदार यांनी त्याच्या गल्ल्याच्या गल्ल्या बांधल्या. शहरात डझनावारी वेल्श चॅपेले होती. 'अर आम्सेराय' हे महत्त्वाचे वेल्श वृत्तपत्र १८४३ साली तेथेच सुरू झाले. राष्ट्रीय काव्यमेळावा तेथे १८८४, १९०० आणि १९२९ मध्ये भरला. बालाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातील ग्रामजीवनाचे सर्वांत प्रिय चित्रण म्हणजे ह्यू एव्हान्स यांचे 'कुम एइथिन' (१९३१). लेखक लिव्हरपूलचे मुद्रक-प्रकाशक, आणि पुस्तकही लिव्हरपूललाच छापलेले. विसाव्या शतकातील वेल्श साहित्याचे अग्रणी सॉन्डर्स लुईस यांचा जन्म १८९३ साली लिव्हरपूलसमोरच्या नदीकाठी, वॉलसी येथे झाला, आणि ते शिकले लिव्हरपूल विद्यापीठात. म्हणजे गाव बुडवणारे शहर परके नव्हते. जखम खोल जाण्याचे हे एक कारण असावे, असे आम्हाला वाटते.

पहिल्या बुडालेल्या गावाचे नाव लानूदिन. व्हर्नवी नदीच्या खोऱ्यात लिव्हरपूलने १८८१ ते १८८८ या काळात ब्रिटनमधील पहिले मोठे दगडी धरण बांधले. त्याखाली जुने चर्च, दोन चॅपेले, तीन मद्यगृहे, दहा शेतघरे आणि सदतीस घरे गेली. महापालिकेने धरणाखाली नवे गाव आणि नवे चर्च बांधून दिले, मृतांचे अवशेष हलवले, आणि प्रकरण मिटले. हळहळ व्यक्त झाली असेलच, पण राष्ट्रीय आक्रोश झाला नाही. त्या काळी धरण हे प्रगतीचे स्मारक होते, आणि वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत होते. १८९१च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. एक खोरे गेले तरी भाषा जाईल असे कोणाच्या मनातही आले नसेल. १९६१च्या जनगणनेत तेच प्रमाण २६ टक्क्यांवर आले होते. ज्या गावात घर, शाळा, चॅपेल आणि बाजार ही चारही ठिकाणे वेल्श बोलत, अशा गावांची आता मोजदाद होऊ लागली होती. कापेल केलिन हे त्या मोजणीतले एक गाव. त्याचे मोल त्याच्या आकारावरून ठरत नव्हते.

डिसेंबर १९५५ मध्ये लिव्हरपूलची योजना जाहीर झाली, आणि गावकऱ्यांना ती कळली वृत्तपत्रांतून. त्याआधी महापालिकेची नजर माँटगोमरी परगण्यातील दोलानोगवर असल्याचे बोलले जात होते. दोलानोग म्हणजे वेल्श स्तोत्रकर्त्री अ‍ॅन ग्रिफिथ्स यांच्या स्मृतिमंदिराचे गाव. तेथे हात घातला तर केवढा गहजब होईल हे उघड होते. स्तोत्रकर्तीच्या पुण्याईने दोलानोग वाचले, आणि जिच्या नावावर एकही प्रसिद्ध कवी नव्हता त्या वस्तीवर पाळी आली. साहित्याच्या इतिहासकारांनी या घटनेकडे द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. गावकऱ्यांनी संरक्षण समिती स्थापली. ७ नोव्हेंबर १९५६ रोजी वेल्श राष्ट्रवादी पक्ष प्लाइद कमरीचे अध्यक्ष ग्विन्फोर एव्हान्स लिव्हरपूलच्या महापालिका सभेत बोलायला उभे राहिले, तेव्हा सभासदांनी बाकांची झाकणे आपटून त्यांचा आवाज बुडवला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. दोन आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, गावातली जवळपास सगळी माणसे मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून फलक घेऊन चालली. त्या मोर्चाची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. ठेवणीतले कोट, टोप्या, हातात फलक; चेहऱ्यांवर संताप दिसत नाही, परक्या घरी आलेल्या पाहुण्याचा संकोच दिसतो.

कायद्याची वाट मात्र महापालिकेने हुशारीने निवडली होती. धरणासाठी नेहमीच्या मार्गाने परवानगी मागितली असती तर वेल्समधील स्थानिक प्रशासनाची संमती लागली असती. ती टाळण्यासाठी थेट लंडनच्या संसदेत खासगी विधेयक मांडण्यात आले. जुलै १९५७ मध्ये त्याचे दुसरे वाचन १६६ विरुद्ध ११७ मतांनी संमत झाले. वेल्समधील जवळजवळ सारे खासदार विरोधात होते, आणि त्याने काही फरक पडला नाही. १ ऑगस्ट १९५७ रोजी विधेयकाचा कायदा झाला. आमच्या मते कापेल केलिनच्या प्रश्नाचे गाव-प्रश्नातून राष्ट्र-प्रश्नात रूपांतर झाले ते याच उन्हाळ्यात. आपले प्रतिनिधी एकत्र आले तरी आपले खोरे वाचवू शकत नाहीत, हे लोकशाहीचे गणित वेल्श जनतेला इतक्या स्वच्छपणे कोणी सोडवून दाखवले नव्हते.

तरीही आजच्या आख्यायिकेतून ज्या गोष्टी गळतात त्याही सांगायला हव्यात. बाला परिसरात बांधकामामुळे रोजगार मिळेल म्हणून आशेने पाहणारेही होते. आणि १९५९च्या निवडणुकीत ग्विन्फोर एव्हान्स त्याच मेरियोनेथमधून उभे राहिले, तेव्हा मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही. प्लाइद कमरीचा पहिला खासदार म्हणून ते निवडून आले जुलै १९६६ मध्ये, दूर दक्षिणेकडील कार्मार्थनमधून. खोऱ्याची कथा जसजशी खोऱ्यापासून दूर जात होती तसतसे तिचे बळ वाढत होते.

बुडीत क्षेत्र सुमारे ८०० एकर. त्यात बारा घरे व शेतघरे, चॅपेल, शाळा, टपाल कार्यालय. खोऱ्यातल्या ६७ माणसांपैकी ४८ जणांची घरे गेली. आकडे लहान आहेत, आणि ते लहानच ठेवून वाचावेत. रेल्वे १९६० मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली आणि पुढच्या वर्षी पूर्णपणे थांबली. शाळा १९६३च्या उन्हाळ्यात मिटली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चॅपेलमध्ये शेवटची उपासना झाली. दफनभूमीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. आठ मृतांचे अवशेष नातलगांच्या इच्छेनुसार इतरत्र हलवले गेले. उरलेल्या कबरी जागीच ठेवून त्यांवर काँक्रीट ओतण्यात आले. धरणाच्या कामावर १९६२ आणि १९६३ मध्ये घातपाताचे प्रयत्न झाले. फेब्रुवारी १९६३च्या स्फोटात एक ट्रान्सफॉर्मर उडाला; तरुण पकडले गेले, तुरुंगात गेले. काम चालू राहिले. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी उद्घाटनाला जमलेल्या निदर्शकांनी एवढा गोंधळ केला की समारंभ जेमतेम तीन मिनिटांत आटोपावा लागला.

दरम्यान भाषेच्या आघाडीवर काही वेगळेच घडत होते. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी सॉन्डर्स लुईस यांनी 'भाषेचे भवितव्य' या विषयावर आकाशवाणीवरून व्याख्यान दिले. हेच चालू राहिले तर एकविसाव्या शतकाच्या आरंभीच वेल्श ही जिवंत भाषा उरणार नाही, असे त्यांनी बजावले. त्या वर्षीच वेल्श भाषा संघटना स्थापन झाली, आणि रस्त्यांवरच्या पाट्यांपासून न्यायालयाच्या समन्सांपर्यंत सर्वत्र वेल्शचा हक्क मागणारी चळवळ सुरू झाली. त्रवेरिनचे खोरे तिच्या डोळ्यांसमोर होते. मात्र चळवळीने निवडलेला मार्ग खोऱ्यातल्या लोकांचा नव्हता. कापेल केलिनच्या माणसांना आपल्या भाषेचा हक्क कोणाकडे मागावा लागत नव्हता, ती त्यांच्या घरातच होती.

आणि आता ती भिंत. पश्चिम किनाऱ्यावर, अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेस लानरस्टिड गावाजवळ, रस्त्याच्या कडेला एका पडक्या घराची भिंत उभी होती. साठीच्या दशकात एका तरुणाने तिच्यावर दोन शब्द रंगवले: 'त्रवेरिनची आठवण ठेवा', अशा अर्थाचे. हा तरुण म्हणजे माइक स्टीफन्स. १९६५ साली, म्हणजे धरणाच्या उद्घाटनाच्याच वर्षी, 'पोएट्री वेल्स' हे नियतकालिक त्यांनी सुरू केले आणि पुढे वेल्श साहित्याचा प्रमाणभूत कोश संपादित केला. पण त्यांचे बालपण दक्षिण वेल्सच्या औद्योगिक, इंग्रजी बोलणाऱ्या पट्ट्यात गेले होते. वेल्श त्यांनी प्रौढपणी शिकली. आणि भिंतीवर त्यांनी व्याकरणाची चूक केली.

चूक कोणती हे सांगितले पाहिजे, कारण तिच्यातच बरेच काही आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, आणि हा बदल शब्दाच्या शेवटी होतो: घर, पण घराला. वेल्शमध्ये बदल शब्दाच्या आरंभी होतो. 'कोव्यूख' म्हणजे आठवा, स्मरण ठेवा. या आज्ञार्थी क्रियापदाचे कर्म म्हणून 'त्रवेरिन' आले की 'त'चा 'द' होऊन 'द्रवेरिन' व्हायला हवे. मूळ भिंतीवर 'त्रवेरिन' असेच लिहिले गेले होते. खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलानेही ही चूक केली नसती. पुढे भिंत पुन्हापुन्हा रंगवताना कोणीतरी ती सुधारली, आणि आज सर्वत्र दिसते ते शुद्ध रूप. कापेल केलिनची स्मृती भाषा गमावलेल्या आणि ती पुन्हा शिकणाऱ्या पिढीने जपली, याचा याहून बोलका पुरावा कोणता? आर. एस. टॉमस हे कवीही असेच: वेल्श त्यांनी प्रौढपणी आत्मसात केली आणि कविता इंग्रजीत लिहिली, जलाशयांवरील त्यांची प्रसिद्ध कविता १९६८च्या संग्रहात आहे. बुडालेल्या भाषेचा शोक ज्या भाषेने बुडवले तिच्यात झाला. हे वैगुण्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र विद्यार्थ्यांनी ती कविता वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये कोणीतरी त्या भिंतीवर 'एल्विस' असे खरडले. एप्रिलमध्ये भिंतीचा भाग पाडण्यात आला. लोकांनी ती लगोलग पुन्हा उभारली, आणि काही आठवड्यांत वेल्सभर अनेक भिंतींवर तेच दोन शब्द उमटले. त्यापूर्वी, १९ ऑक्टोबर २००५ रोजी, लिव्हरपूल महापालिकेने आपल्या पूर्वसूरींच्या असंवेदनशीलतेबद्दल माफी मागितली होती. काहींनी ती स्वीकारली, काहींना ती फार उशिरा आली असे वाटले. २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के नोंदले गेले. लुईस यांचे भाकीत शब्दशः खरे ठरले नाही, पण निश्चिंत व्हावे असेही काही त्या आकड्यात नाही.

जलाशयाची एक तांत्रिक बाब फारशी सांगितली जात नाही. या तलावातून लिव्हरपूलपर्यंत थेट नळ जात नाही. पाणी गरजेप्रमाणे त्रवेरिनमध्ये सोडले जाते, तेथून ते डी नदीत जाते, आणि थेट चेस्टरजवळ उपसले जाते. गाव बुडाले ते पाणी साठवून नदीचा प्रवाह बाराही महिने सारखा राहावा म्हणून. आज धरणाच्या खाली त्याच सोडलेल्या पाण्यावर वेगवान प्रवाहात नावा हाकण्याचे क्रीडाकेंद्र चालते, आणि दूरदूरचे हौशी लोक तेथे येतात.

तलावाच्या वायव्य काठावर एक लहानसे स्मृतिचॅपेल आहे. शिल्पकार आर. एल. गॅपर यांनी त्याची रचना केली, आणि जुन्या चॅपेलचे दगड त्यात वापरले आहेत. शेजारच्या बागेत जुन्या दफनभूमीतल्या कबरींचे शिलालेख आणून लावले आहेत. ते सारे वेल्शमध्ये आहेत, आणि ज्यांची नावे त्यांवर आहेत त्यांपैकी बहुतेक जण समोरच्या पाण्याखाली, त्या काँक्रीटच्या थराखाली आहेत.